कोकणची बाग आणि ज्यू धर्मशास्त्रातील शेतमालाचे नियम

ज्यू धर्मनियमांचा पहिला मोठा संग्रह म्हणजे मिश्ना. इ. स. २००च्या सुमारास गालिल प्रांतात रब्बी यहूदा हानासी यांच्या देखरेखीखाली तो सिद्ध झाला. त्याच्या सहा विभागांपैकी पहिला, ‘झराईम’, हा शेतीचा विभाग आहे. त्यात अकरा ग्रंथ आहेत. प्रार्थना आणि आशीर्वचनांचा एक सोडला, तर उरलेल्या दहांत पेरणी, कलम, कापणी, खळे, दशांश, पडीक वर्ष आणि पहिले फळ यांचेच नियम येतात. शेताचा कोणता भाग कापू नये, राशीतून कोणाला किती काढून द्यावे, झाडाचे फळ कोणत्या वर्षापासून खावे, हे सारे तेथे तपशिलाने सांगितले आहे.

या नियमांचा कोकणाशी दुहेरी संबंध आहे. मराठी बोलणारा बेने इस्राएल हा ज्यू समाज शतकानुशतके कोकणात राहिला. त्याची मुख्य वस्ती सावित्री नदीच्या उत्तरेस, आजच्या रायगड जिल्ह्यात होती. पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. दुसरा संबंध जमिनीचा आहे. रत्नागिरीचा हापूस, डहाणू-घोलवडचा चिकू, खाचरातला भात, परसातली केळ आणि पपई यांतल्या प्रत्येकाबद्दल ज्यू शास्त्राला काही म्हणायचे आहे. मात्र ते म्हणणे सगळ्यांना सारखे लागू नाही. कोणता नियम इस्राएलच्या भूमीशी बांधलेला आहे आणि कोणता झाडाबरोबर, धान्याबरोबर जगभर जातो, हा या विषयातला मूळ प्रश्न आहे.

भूमीशी बांधलेल्या नियमांत सर्वांत मोठा दशांशाचा. खळ्यावर धान्याची रास तयार झाली की प्रथम ‘तरुमा’ काढायची, ती कोहेन म्हणजे पुरोहित घराण्यासाठी. तोराने, म्हणजे मूळ धर्मग्रंथाने, तिचे माप ठरवलेले नाही. मिश्नाने उदार माणसासाठी चाळीसावा, मध्यमासाठी पन्नासावा आणि हात आखडणाऱ्यासाठी साठावा हिस्सा सांगितला. त्यानंतर उरलेल्याचा दहावा भाग लेवी घराण्याला, आणि लेव्याने आपल्या वाट्याचा दहावा भाग पुन्हा कोहेनाला द्यायचा. शेतकऱ्याकडे उरलेल्यातून दुसरा दशांश निघतो. सात वर्षांच्या चक्रात पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षी तो यरुशलेमला नेऊन मालकानेच कुटुंबासह खायचा असतो. तिसऱ्या आणि सहाव्या वर्षी तो गरिबांचा. शंभर मण धान्याचा हिशेब केला तर पन्नासाव्या हिश्श्याने २ मण तरुमा गेली, ९८ उरले. लेव्याचे ९.८ मण गेल्यावर ८८.२ उरले. दुसऱ्या दशांशाचे ८.८२ मण काढल्यावर शेतकऱ्याच्या कणगीत जवळजवळ ७९.४ मण येतात.

ही रास होण्याआधीच गरिबांचा हक्क सुरू झालेला असतो. शेताचा एक कडेचा भाग, निदान साठावा हिस्सा, न कापता सोडायचा. कापताना हातातून निसटलेली एक-दोन कणसे उचलायची नाहीत. शेतात विसरलेली पेंढी आणायला मागे फिरायचे नाही. द्राक्षबागेत गळलेले मणी आणि नीट न धरलेले घड वेचणाऱ्यांसाठी ठेवायचे. देणाऱ्याने हाताने उचलून द्यायचे नाही, गरिबाने स्वतः येऊन घ्यायचे, हा या नियमांचा गाभा आहे. घेणारा येथे याचक नाही, हक्कदार आहे, आणि सबंध शास्त्रातली ही सर्वांत मोलाची तरतूद मानावी लागेल.

सातव्या वर्षी, श्मिटात, पेरणी आणि छाटणी थांबते. आपोआप आलेले फळ सर्वांचे होते. त्याचा व्यापार करता येत नाही आणि ते वाया घालवता येत नाही. मागचे श्मिटा वर्ष २०२१-२२ मध्ये झाले, पुढचे २०२८-२९ मध्ये येईल. आधुनिक काळात ज्यू वसाहतींनी पॅलेस्टाइनमध्ये शेती सुरू केल्यावर हा नियम पोटावर आला. १८८९च्या श्मिटासाठी जमीन तात्पुरती बिगरज्यूला विकण्याची सवलत काही रब्बींनी दिली, आणि १९१०च्या श्मिटात रब्बी अब्राहम आयझॅक कूक यांनी तिला भक्कम आधार दिला. तिच्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

दशांशाचा व्यवहारही आज बदलला आहे. यरुशलेमचे मंदिर नाही, शुद्धतेचे विधी नाहीत, म्हणून कोहेनाला तरुमा खाता येत नाही. इस्राएलमध्ये मालाचा एक टक्क्याहून किंचित अधिक भाग काढून, गुंडाळून, आदराने टाकून दिला जातो. दुसऱ्या दशांशाचे पावित्र्य अल्प किमतीच्या नाण्यावर उतरवतात.

कोकणात यातले काहीच लागू नव्हते. मिश्नाच्या ‘किद्दुशीन’ ग्रंथात सूत्ररूपाने नियम आहे: भूमीवर अवलंबून असलेली आज्ञा त्या भूमीतच पाळायची, अपवाद ओरला (कोवळ्या झाडाचे फळ) आणि किलाईम (जातींची सरमिसळ) यांचा, रब्बी एलिएझर यांनी त्यांत हादाशची (नवे धान्य) भर घातली. शेजारच्या सीरिया, बाबिलोन, मिसर अशा प्रदेशांपुरता ऋषितुल्य रब्बींनी दशांशाचा काही भाग वाढवला होता, पण हिंदुस्थान त्या कक्षेबाहेर राहिला. शिवाय बेने इस्राएलांत कोहेन किंवा लेवी घराण्यांची परंपरा नाही, म्हणजे दशांश घेणाराही गावात नव्हता. भूमी सुटली की अभ्यासही आटतो, हे बाबिलोनमध्येच दिसून आले होते. यरुशलेमी तलमूदमध्ये झराईमच्या सगळ्या ग्रंथांवर चर्चा आहे. बाबिलोनी तलमूदमध्ये फक्त आशीर्वचनांच्या ग्रंथावर. १९४८ नंतर हजारो बेने इस्राएल कुटुंबे इस्राएलला गेली, दिमोना, लोद, अश्दोद, बीरशेबा अशा गावांत स्थिरावली. कोकणात कधी न लागलेला दशांश तेथे अंगणातल्या झाडाच्या फळालाही लागला.

कोकणातल्या समाजाला शास्त्र किती माहीत होते, याचा अंदाज बाहेरच्यांनी वेळोवेळी केला. बाराव्या शतकाच्या अखेरीस ज्यू धर्मशास्त्री मायमोनिडीस यांनी फ्रान्समधील लुनेलच्या विद्वानांना लिहिलेल्या पत्रात हिंदुस्थानातले ज्यू शब्बाथ म्हणजे शनिवारचा विश्रामदिन आणि सुंता एवढेच जाणतात, असा उल्लेख आहे. तो नेमका कोणत्या समाजाबद्दल हे त्यातून ठरत नाही, पण चित्र बेने इस्राएलांशी जुळते. ते तेलाचा घाणा चालवत आणि शेतीही करत. शनिवारी घाणा बंद, घाण्याचा बैलही सुटा, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. खाण्याचे नियमही त्यांनी राखले होते. दावीद राहाबी नावाच्या ज्यू विद्वानाने कोकणात आल्यावर स्त्रियांना मिसळलेली मासळी रांधायला दिली, तेव्हा त्यांनी खवले आणि पर असलेले मासे वेगळे काढले आणि बाकीचे आपण खात नाही असे सांगितले. कोकणच्या बाजारात याचा अर्थ सरळ आहे: बांगडा, सुरमई चालते, मोरी, पाकट, कोळंबी, खेकडा आणि तिसऱ्या चालत नाहीत. त्या परीक्षेवरून राहाबीची खात्री पटली, असे हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या समाजाच्या इतिहासात नोंदवले आहे. राहाबीचा काळ कोणी हजार वर्षांपूर्वीचा मानतात, कोणी अठराव्या शतकातला.

आता जगभर जाणारे नियम. हादाश म्हणजे नवे धान्य. गहू, जव, ओट, राय आणि स्पेल्ट गहू या पाच धान्यांचे नवे पीक निसान महिन्याच्या १६ तारखेपर्यंत, इस्राएलबाहेर आणखी एक दिवस, खायचे नाही. तोवर ज्या पिकाने मूळ धरले असेल ते त्या दिवसानंतर मोकळे होते. महाराष्ट्रातला रब्बी गहू नोव्हेंबरात पेरला जातो आणि मार्चच्या आसपास निघतो. ही तारीख वल्हांडणाच्या सणात पडते, आणि तो मार्चअखेर किंवा एप्रिलात येतो. नवा गहू त्यामुळे फार तर काही आठवडे अडतो. भात, नाचणी, वरी, ज्वारी, बाजरी या पाचांत मोडत नाहीत, त्यांना हादाश लागत नाही. कोकणाच्या ताटाच्या दृष्टीने ही बाब फार महत्त्वाची आहे. कणकेतून ‘हल्ला’ नावाचा गोळा काढण्याचा नियमही याच पाच धान्यांच्या पिठाला लागतो, तोही साधारण १२०० ग्रॅमपेक्षा अधिक पीठ एका वेळी मळले तर. तांदळाची भाकरी त्यातून सुटते. वल्हांडणाच्या आठवड्यात बेने इस्राएल तांदूळ खातात, तेही शास्त्राला धरूनच आहे. तांदूळ वर्ज्य करण्याची प्रथा अश्केनाझी, म्हणजे युरोपीय ज्यू समाजाची.

बेने इस्राएलांच्या जुन्या सणांत ‘खिरीचा सण’ आहे. ज्यू नववर्षाला ते ‘नव्याचा सण’ म्हणत. त्यानंतर थोड्याच दिवसांत, तिश्री महिन्यात, नव्या तांदळाची नारळाच्या रसातली गोड खीर करून, ऊद जाळून, ‘शमा’ ही प्रार्थना म्हणून ती खात. तिश्री सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो आणि कोकणात हळवे भात तेव्हाच घरात येते. शेजारची हिंदू घरे आश्विनात नवान्न करतात, दारावर नवे बांधतात. पंचांगे दोन, पण खाचर एकच होते. तांदूळ हादाशच्या कक्षेत येत नसल्याने या खिरीने कोणताही नियम मोडत नव्हता.

रत्नागिरीच्या बागायतदाराला सर्वांत जवळचा वाटावा असा नियम ओरलाचा आहे. लेवीय ग्रंथाच्या १९व्या अध्यायात त्याचे मूळ आहे. फळझाड लावल्यापासून तीन वर्षे त्याचे फळ खायचे नाही, विकायचे नाही, त्याचा कोणताही उपयोग करायचा नाही. चौथ्या वर्षाचे फळ पवित्र, पाचव्यापासून मोकळे. इस्राएलबाहेर चौथ्या वर्षाचा नियम अनेक रब्बी द्राक्षापुरताच मानतात. तीन वर्षांची बंदी मात्र सर्व फळझाडांना आहे. तेराव्या शतकातले भाष्यकार नाहमानिडीस यांनी कारण दिले की कोवळ्या झाडाचे फळ बारीक आणि पाणचट असते, ते देवापुढे ठेवण्याजोगे नाही. मायमोनिडीस यांनी मूर्तिपूजकांच्या जुन्या विधींशी त्याचा संबंध जोडला. बागेत उभे राहून पाहिले तर नाहमानिडीसांचे म्हणणे पटते. हापूसच्या नव्या कलमाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच मोहोर येतो, आणि तो खुडून टाकावा, झाड आधी सशक्त होऊ द्यावे, असेच कोकणात सांगतात.

वर्षे मोजण्याची रीत बारकाईची आहे. ज्यू नववर्षाच्या किमान ४४ दिवस आधी, म्हणजे आव महिन्याच्या १६ तारखेपूर्वी झाड लावले, तर नववर्षाला त्याचे एक वर्ष पूर्ण धरतात. ही तारीख जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत कोठेही पडते. कोकणात कलमे पावसाच्या तोंडावर, जूनमध्ये लावतात, तेव्हा ते वर्ष हमखास पदरात पडते. २०२४च्या जूनमध्ये कातळावरच्या खड्ड्यात लावलेले कलम घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिले वर्ष संपले, सप्टेंबर २०२५ मध्ये दुसरे, सप्टेंबर २०२६ मध्ये तिसरे. तरीही बंदी लगेच उठत नाही. शेवात महिन्याच्या १५ तारखेपूर्वी, म्हणजे जानेवारी २०२७च्या २३ तारखेपूर्वी, धरलेले फळ अजून ओरलाच. हा वृक्षांचा नववर्षदिन, आणि हापूसच्या मोहोराचा हंगाम त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. एकाच झाडावर डिसेंबरच्या मोहोराची सुपारीएवढी कैरी वर्ज्य, आणि फेब्रुवारीच्या मोहोराची चालणारी, असे होऊ शकते.

रोपवाटिकेतला काळ मोजायचा का, हा पुढचा प्रश्न. मिश्नाच्या ओरला ग्रंथात उपटून दुसरीकडे लावलेल्या झाडाची चर्चा आहे: मुळांभोवतीची माती झाडाला जगवण्याइतकी असेल तर मोजणी तुटत नाही. कलम पिशवीतून काढताना मातीची हुंडी फुटू देऊ नका, असे बागायतदार मजुराला बजावतो; शास्त्राची कसोटी त्याच हुंडीवर आहे. पिशवीला भोके असून ती जमिनीवर ठेवलेली असेल तर आतला काळ धरावा, असे अनेक रब्बी मानतात, सगळे मानत नाहीत. जुन्या रायवळ झाडाच्या फांद्या छाटून त्यावर हापूस बांधला तर नवी मोजणी सुरू होत नाही, कारण झाड जुनेच आहे. बुंधा जमिनीलगत कापून नवी फूट घेतली, तरच वर्षे पहिल्यापासून मोजायची. दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात भारत-इस्राएल सहकार्यातून आंब्याचे गुणवत्ता केंद्र उभे आहे, आणि जुन्या हापूस बागांचे छाटणीने पुनरुज्जीवन हा त्याचा एक विषय आहे. त्या छाटणीत खोड उंच राखतात, म्हणून ओरला पुन्हा लागत नाही. सघन लागवडीत मात्र झाडे लवकर फळावर येतात, आणि तेथे हा नियम पूर्वीपेक्षा अधिक जाणवणारा आहे.

केळ या सगळ्यातून सुटते. तिचा खांब फळ देऊन मरतो, म्हणून शास्त्र तिला झाड मानत नाही. नारळ झाड आहे, पण फळावर यायला तीनपेक्षा जास्त वर्षे घेतो, त्यामुळे प्रश्नच उरत नाही. खरी अडचण पपईची. ती लावल्यावर वर्षभरात फळ देते, खोड पोकळ असते आणि काही वर्षांत झाड संपते. तिला ओरला लावला तर ती जवळपास कधीच खाता येणार नाही. बगदादचे रब्बी योसेफ हाईम यांनी एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न हाताळला आणि तिला झाडांच्या वर्गातून वगळले. सेफार्दी परंपरेच्या बहुतेक रब्बींनी ते मत मानले.

किलाईम म्हणजे दोन जातींची सरमिसळ. त्यात वेगवेगळ्या नियमांच्या कक्षा वेगवेगळ्या आहेत. दोन धान्ये एकत्र पेरण्याची बंदी इस्राएलपुरती, म्हणून कोकणातल्या वरकस जमिनीत नाचणीबरोबर तूर लावायला हरकत नाही. द्राक्षबागेत धान्य पेरण्याची बंदी बाहेरही आहे, पण रब्बींनी घातलेली. एका जातीच्या झाडावर दुसऱ्या जातीचे कलम बांधणे मात्र सगळीकडे मना. हापूस रायवळच्या रोपावर बांधतात. दोन्ही आंबेच, तेव्हा भेटकलम असो की कोयकलम, अडचण नाही. चिकूचे तसे नाही. त्याची कलमे सर्रास रायणीच्या खुंटावर बांधली जातात, आणि चिकू व रायण एका कुळातल्या असल्या तरी जाती वेगळ्या. ज्यू शेतकऱ्याने असे कलम स्वतः बांधू नये. त्याचे फळ मात्र खायला मुभा आहे, त्यामुळे घोलवडचा चिकू कोणीही खावा. सुक्कोथ सणाला हातात धरायचे महाळुंग याला अपवाद: लिंबाच्या खुंटावरचे महाळुंग विधीला चालत नाही.

जगभर जाणाऱ्या नियमांतच फळझाड निष्कारण न तोडण्याचा नियम येतो. तोरातल्या ‘अनुवाद’ या ग्रंथात तो शहराला वेढा घातलेल्या सैन्यासाठी सांगितला आहे. रब्बींनी तो शांततेच्या काळाला, आणि झाडापलीकडे कोणत्याही उपयुक्त वस्तूच्या नासाडीला लावला.

ताटापर्यंत आलेल्या मालाचेही नियम आहेत. किडा वा अळी खाणे तोराने स्पष्ट मना केले आहे. म्हणून तांदूळ निवडणे, पालेभाजी पानन्‌पान धुणे, आंबा कापून फळमाशीची अळी पाहणे हे धर्मकृत्य ठरते. मांसाबरोबर दूध वर्ज्य, त्यामुळे बेने इस्राएलांच्या मटणात नारळाचा रस पडतो. सणाला द्राक्षाचा रस हवा. कोकणात कोशर, म्हणजे धर्मनियमांना धरून केलेली, वाइन मिळत नसे, म्हणून काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेल्या सरबतावर शब्बाथचा आशीर्वाद म्हणण्याची चाल पडली. मनुका द्राक्षाच्याच, तेव्हा द्राक्षवेलीचाच आशीर्वाद त्यावर म्हणता येतो.

खाण्याआधीच्या आशीर्वचनांचा सर्वांत सुंदर मेळ मलिद्यात दिसतो. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, साखर, ओले खोबरे, वेलची आणि सुका मेवा, भोवती फळे. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात तो एलियाहू हानाबी म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाने करतात. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एलियाहूच्या रथाची खूण मानलेला खडक आहे, आणि वृक्षांच्या नववर्षाला, शेवातच्या १५ तारखेला, तेथे मलिदा होतो. ताटातल्या खजुरावर झाडाच्या फळाचा आशीर्वाद, केळ्यावर जमिनीच्या फळाचा, सुगंधी पानावर वासाचा. ओरलात केळीला झाड न मानणारा तोच निवाडा येथे आशीर्वादाचे शब्द ठरवतो. काही अभ्यासक मलिद्यात मंदिरातल्या धान्यार्पणाची आठवण पाहतात. तसे सिद्ध करणे कठीण आहे, पण दशांश आणि पहिली फळे देण्याची जागा हरवलेल्या समाजाने देवापुढे पीक ठेवण्याची एक रीत जपली, एवढे निश्चित.

महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. तोवर कोकणातली बहुतेक घरे मुंबई, ठाणे आणि इस्राएलकडे गेली होती. शेतमालाचे नियम आज कोकणाला भेटतात ते निर्यातीच्या वाटेने. आंब्याच्या पल्पसारख्या मालाला परदेशी ग्राहक कोशर प्रमाणपत्र मागतात, आणि रब्बी किंवा त्याचा प्रतिनिधी कारखाना तपासतो. यंत्रे दुसऱ्या कशासाठी वापरली जातात, काय मिसळले जाते, अळी गाळली जाते का, हे तो पाहतो. दशांश आणि श्मिटा यांचा प्रश्न भारतीय फळाबाबत उद्‌भवत नाही. ओरलाबद्दल मिश्नाचा निवाडा आधार देतो: फळ ओरलाचे आहे की नाही हा संशय इस्राएलमध्ये असेल तर ते वर्ज्य, बाहेरच्या देशात असेल तर चालते, जोवर ते तीन वर्षांच्या आतील झाडावरून तोडताना कोणी डोळ्यांनी पाहिलेले नाही. रत्नागिरीच्या बागांत जुनी झाडे बहुसंख्य असल्याने बाजारातल्या हापूसच्या पेटीला हा संशयही क्वचितच लागतो.